एकतीस नंबरचं चित्र

शहाद्याला दोंडाईचा रोडवर खत-बियाण्यांच्या एका दुकानावर दोन खोल्या होत्या. त्यातल्या आतल्या खोलीत काजल पाटील रोज साडेनऊ ते सहा बसून लहान मुलांच्या मेंदूत रेघ ओढायची. प्रकाशा या तिच्या गावी तिची आई शेजारणींना सांगायची, पोरगी कॉम्प्युटरवर कामाला आहे. त्यापुढे नेमकं काय सांगावं हे आईला कधी कळलं नव्हतं.

काम असं होतं. पुण्याच्या एका संस्थेने सातपुड्यातल्या मुलांच्या मेंदूच्या वाढीचा अभ्यास काढला होता. एक वर्षाची चाळीस मुलं आणि दोन वर्षांची चाळीस. मुलाला आईसकट नंदुरबारला आणायचं, दूध पाजून झोपवायचं, कान झाकायचे आणि झोपेतच एमआरआय काढायचा. ते चित्र कॉम्प्युटरवर आलं की मेंदूचे दोन भाग वेगळे दिसत. बाहेरून वळ्यावळ्यांची करडी साल, आत पांढरा गाभा. करड्या भागात पेशी आणि पांढऱ्या भागात त्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या तारा, असं काजलला प्रशिक्षणात शिकवलं होतं. दोन्हींमधली हद्द कॉम्प्युटर स्वतःच आखायचा, पण लहान मुलांच्या बाबतीत तो फार चुकायचा. म्हणून माणूस लागायचा. एका मुलाचे शंभरावर काप, प्रत्येक कापावर माऊसने ती हद्द सरळ करायची. एका मुलाला चार दिवस जात.

चित्रावर नाव नसायचं, फक्त नंबर आणि वयाचा गट. मूल कोणाचं, कुठल्या पाड्यावरचं, हे रेघ ओढणाऱ्याला कळता कामा नये असा नियमच होता. कळलं की हात नकळत एका बाजूला झुकतो, असं पुण्याच्या डॉ. यामिनी मॅडम म्हणायच्या. अभ्यास त्यांचा होता. नावांची यादी बाहेरच्या खोलीत भाग्येशच्या कपाटात असायची. भाग्येश हा काजलचा मामेभाऊ आणि इथल्या केंद्राचा व्यवस्थापक. नोकरी त्यानेच लावून दिली होती.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक वर्षाच्या गटातलं एकतीस नंबरचं चित्र आलं आणि काजलचा हात थांबला. हद्द कुठे दिसेचना. सगळा मेंदू एकाच फिकट राखी रंगाचा होता. तिने उजेड कमीजास्त केला, चित्र मोठं केलं, खिडकीचा पडदा लावला. साल कुठे संपते आणि गाभा कुठे सुरू होतो हे कुठल्याच कापावर सांगता येईना. शेवटी अंदाजाने रेघ ओढून तिने काम पुढे ढकललं. मग तेहेतीस नंबर तसाच निघाला. मग चौतीस. जानेवारी संपेपर्यंत अशी नऊ चित्रं झाली.

आधी तिला स्वतःच्या डोळ्यांचा संशय आला. ती शहाद्यातल्या डॉक्टरकडे जाऊन डोळे तपासून आली. चष्म्याचा नंबर होता तसाच होता. मग मशीनचा संशय आला. पण चौतीस नंबर ज्या दिवशी काढला, त्याच दिवशी त्याच मशीनवर दोन वर्षांच्या गटातलं एक मूल झालं होतं आणि त्याची हद्द पेन्सिलीने आखल्यासारखी स्वच्छ होती. मशीन एका मुलाला साफ आणि दुसऱ्याला गढूळ दाखवेल, हे पटण्यासारखं नव्हतं.

फोनवर तिने यामिनी मॅडमना सांगितलं.

"ती नऊ इथे दुसऱ्या मुलीनेही आखलीत," मॅडम म्हणाल्या. "तुझी आणि तिची रेघ जुळतच नाही. इतर चित्रांत छान जुळते. तू थकतेस का? घाई होते का?"

"घाई नाही मॅडम. रेघ आहेच कुठे, तेच दिसत नाही."

"तसं असेल तर मग ते गंभीर आहे," मॅडम म्हणाल्या. "एक वर्षाला ती दिसायला हवी. चाळीसांत नऊ मुलांमध्ये नाही, याचा अर्थ पांढऱ्या भागाची वाढ मागे पडतेय. आईच्या पोटात असतानाचं कुपोषण असेल, रक्ताचं काही असेल. शोधावं लागेल. आधी त्या आईबापांना कळवू. त्यांना सांगितल्याशिवाय राहता येणार नाही."

त्या आठवड्यात बाहेरच्या खोलीतला प्रिंटर बिघडला होता. भाग्येशने पत्रं काजलच्या प्रिंटरवर पाठवली आणि तो खाली चहाला गेला. एकामागून एक नऊ कागद बाहेर आले. काजलने ते उलटे करून ठेवायला हवे होते. तिने ठेवले नाहीत.

सगळ्या पत्रांतला मजकूर एकच होता. आपल्या बाळाच्या मेंदूतील पांढऱ्या भागाची वाढ वयाच्या मानाने मागे आहे, पुढील तपासणीसाठी संपर्क साधावा. वर चित्राचा नंबर, बाळाचं नाव, आईचं नाव, पाडा आणि जन्मतारीख. एकतीस नंबरचं बाळ म्हणजे मोगी, आई सुनिता वसावे, उमरीपाडा, खापर गावाहून वर डोंगरात. जन्म चित्राच्या वर्षभर आधीचा, पाच डिसेंबर. दुसऱ्याचा जन्म दहा डिसेंबर. तिसऱ्याचा पंधरा. चौथ्याचा पुन्हा पाच. नऊ बाळं आणि सगळी डिसेंबरात जन्मलेली, तीही पाच, दहा, पंधरा नाहीतर वीस तारखेलाच.

भाग्येशची पावलं जिन्यावर वाजली तेव्हा तिने कागद सारखे करून त्याच्या हातात दिले. त्याने तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, कागदांकडे एकदा पाहिलं आणि ते घेऊन तो निघून गेला.

घरी गेल्यावर तिने प्रशिक्षणाची जाड पुस्तिका काढली. तिच्यात एक प्रकरण होतं, जे शिकवताना "आपल्या गटात हे येत नाही" म्हणून सोडून दिलं होतं. ते तिने जेवणाआधी बसून वाचलं. नवजात बाळाच्या चित्रात रंग उलटे असतात, गाभा गडद आणि साल फिकट. पुढे तारांवर चरबीचं आवरण चढत जातं आणि रंग हळूहळू पालटतात. एक वर्षापर्यंत मेंदू मोठ्या माणसासारखा दिसू लागतो. पण पालटता पालटता मध्ये एक काळ येतो, साधारण सहा ते नऊ महिन्यांचा, तेव्हा दोन्ही रंग सारखे होतात आणि हद्द दिसेनाशी होते. त्यात दोष काही नसतो. सगळ्याच बाळांचं तसं होतं. खाली आठ महिन्यांच्या एका निरोगी बाळाचं चित्र छापलं होतं. फिकट राखी, सगळीकडे एकच रंग.

काजल बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. मेंदूत काही बिघडलंच नव्हतं. वय खोटं होतं.

खोटं कोणी लिहिलं, हे तिने तिथेच ठरवूनही टाकलं. पाड्यांवर जाऊन मुलांची नावं गोळा करणारा भूपेश होता. खापरचा, भिली चांगली बोलणारा. एक वर्षाची मुलं मिळत नाहीत म्हणून सारखा कुरकुरायचा. ऑफिसात आला की कागद भाग्येशच्या टेबलावर टाकून कोणाशी न बोलता निघून जायचा. त्याच्या त्या घाईत काजलला आता अर्थ दिसू लागला.

दुसऱ्या दिवशी तिने भाग्येशकडे भूपेशचे मूळ फॉर्म मागितले.

"कसाले?" कशाला म्हणून त्याने घरच्या अहिराणीत विचारलं.

"वय तपासनं शे."

"तू रेघ वढ. बाकीनं मी देखसू." तो हसला, पण फॉर्म असलेल्या कपाटाला त्याने कुलूप लावलं. आजवर ते कपाट दिवसा कधी बंद नसायचं. काजलला वाटलं, भूपेशचं पितळ उघडं पडलं तर केंद्राचं नाव जाईल म्हणून भाऊ घाबरतोय.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी अक्कलकुव्याला मैत्रिणीकडे जाते असं आईला सांगून ती बसने खापरला गेली. तिथून वर जायला एक जीप होती. चालवणारा गोकुळ वसावे नावाचा तरुण होता. आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेला, मराठी चांगली बोलणारा. उमरीपाड्याला कोणाकडे जायचं म्हणून त्याने विचारलं.

"सुनिता वसावेंकडे."

त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "माझी वहिनी ती. तुम्ही मशीनवाल्या का?"

ती हो म्हणाली. त्याने आरसा दुसरीकडे वळवला.

घर कुडाचं होतं, अंगणात मक्याची कणसं वाळत होती. जीपचा आवाज ऐकून एक बाई बाळाला उचलून आत गेल्याचं काजलने पाहिलं. दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली आणि तिथून हलली नाही. ही कालीबाई, गोकुळची आई. गोकुळ तिच्याशी भिलीत बोलला. तिचं उत्तर लांबलचक होतं, गोकुळने ते अर्धंच सांगितलं.

"ती म्हणते, पुन्हा न्यायला आलात का?"

"नाही. फक्त विचारायला आले."

"आधीही विचारायलाच आले होते."

काजलला खाट दिली नाही, पाणी विचारलं नाही. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. थोड्या वेळाने सुनिता बाहेर आली, पण बाळ आतच ठेवून. बावीस-तेवीस वर्षांची असेल. हातात तेच पत्र होतं, घडी करून करून मऊ पडलेलं. ती गोकुळकडे बघून बोलत होती, काजलकडे नाही.

"कागदात लिहिलंय मोगीचं डोकं कच्चं आहे," गोकुळने सांगितलं. "वहिनी विचारते, मशीनमध्ये घालायच्या आधी ते कच्चं होतं की नंतर झालं? आत फार मोठा आवाज होता. एवढ्या आवाजानं मोठ्या माणसाचं डोकं फिरेल. तुम्ही तिच्या डोक्यातून काय काढलं?"

"काहीच काढलं नाही. तो फक्त फोटो असतो."

"फोटोला एवढं मोठं मशीन लागतं का, असं ती विचारते."

गोकुळ पुढे सांगू लागला. त्याचा भाऊ, सुनिताचा नवरा खात्या, दिवाळीनंतर टोळीबरोबर गुजरातेत बारडोलीकडे ऊस तोडायला गेला होता. सुनिता मागून जाणार होती. पत्र आल्यावर गेली नाही. उसाच्या फडात असं डोकं घेऊन पोर जगेल का, ही भीती. खात्या तिकडे एकटा, काम नवरा-बायकोच्या जोडीचं आणि कोयत्याला जोडीदार नाही, म्हणून मुकादम रोज फोनवर ओरडतो. पाड्यातल्या बाकीच्या बायकांनीही आता मशीनला नाही सांगितलं होतं.

"मोगीचा जन्म कधीचा?" काजलने विचारलं.

सुनिताने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "ती म्हणते, तुमच्याच कागदावर लिहिलंय ना," गोकुळ म्हणाला.

"कागदावर नको. तुम्हाला माहीत आहे ते सांगा."

सुनिताने सासूकडे पाहिलं. उत्तर कालीबाईने दिलं, अगदी चटकन, एवढंही माहीत नाही का अशा आवाजात. होळी झाली. मोहाची फुलं पडायला लागली. सुनिता पहाटे फुलं वेचायला जायची, पोट एवढं मोठं की वाकता यायचं नाही, बसून वेचायची. मोहू संपत आला तेव्हा मोगी झाली. नाळ मीच कापली.

होळी मार्चमध्ये. मोहू संपतो एप्रिलमध्ये. एमआरआय डिसेंबरच्या सुरुवातीला. काजलने बोटांवर मोजलं. आठ महिनेसुद्धा पुरे नव्हते.

"याला काही पुरावा आहे का?" ती बोलून गेली, आणि बोलल्याबरोबर तिला आपलीच लाज वाटली. म्हातारीला मराठी येत नव्हती, तरी आवाज कळला. ती पाठ फिरवून आत गेली.

गोकुळने खिशातून मोबाईल काढला. बराच वेळ फोटो मागे मागे सरकवत राहिला आणि मग तिच्यापुढे धरला. होळीचा फोटो होता. मोरपिसांची टोपी घातलेला खात्या, शेजारी नव्या लुगड्यातली सुनिता, पोट पुढे आलेलं, एक हात पोटावर. खाली तारीख होती, गेल्या मार्चची.

"तुमचं मशीन नको," गोकुळ म्हणाला. "यातही दिसतंय."

तिने तो फोटो स्वतःच्या मोबाईलवर मागितला. त्याने सुनिताला विचारलं. सुनिता नाही म्हणाली. काजलने तिला सांगितलं की मोगीचं डोकं कच्चं नाही, कागद चुकलाय, आणि हे पुण्याच्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी फोटो हवाय. सुनिताने ते सगळं ऐकून घेतलं.

"तो कागद कोणी पाठवला?" गोकुळने तिचा प्रश्न सांगितला.

"आमच्याच ऑफिसने."

"आणि तो चुकीचा आहे हे कोण सांगतंय?"

"मी."

"तुम्हीपण त्याच ऑफिसच्या ना?"

काजल जीपकडे वळली. अखेर परतीच्या वाटेवर, खापरच्या अलीकडे नेटवर्क आल्यावर, गोकुळने स्वतःहून जीप थांबवली आणि फोटो पाठवला. "वहिनीला मी बघतो," एवढंच म्हणाला.

खापरच्या स्टँडजवळ भूपेशचं घर होतं. तो चुलीसाठी लाकडं फोडत होता. काजलने त्याला नमस्कारही केला नाही. नऊ पोरांची वयं तू वाढवलीस, असं तिने सरळ तोंडावर सांगितलं. एका बाईचा संसार त्या पत्रापायी दोन राज्यांत फाटलाय, हेही सांगितलं.

भूपेश रागावला नाही. कुऱ्हाड भिंतीला टेकवून आत गेला आणि कडेने कुरतडलेली एक वही घेऊन आला.

"ताई, मी जे ऐकं ते लिखं. मन्ही वही देखा."

वहीत सुनिताचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं, "मोहू संपतांना. म्हणजे सात-आठ महिने. गटात बसत नाही." दुसऱ्या नावापुढे, "पेरणीच्या आधी. सहा महिने. गटात बसत नाही." नऊही नावांपुढे शेवटचे तीन शब्द तेच होते.

"मंग हे गटमा बसाडं कोनी?" तिने विचारलं, पण उत्तर तिला कळून चुकलं होतं. फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचं काम एकच माणूस करत होता.

"आते मी काय सांगू," भूपेश म्हणाला. "तो तुमना भाऊ शे." मग जरा थांबून म्हणाला, "गाडी आली, पोरं नेली, तव्हयच माले समजनं. मी बोलनू नही. मन्ही चूक शे ती."

परतीच्या बसमध्ये काजल खिडकीला डोकं टेकून बसली. दोन आठवडे ती चुकीच्या माणसाकडे डोळे रोखून बघत होती. भूपेश घाईने का निघून जायचा ते आता कळत होतं. त्याला भाग्येशच्या टेबलाजवळ उभं राहवत नसेल.

सोमवारी ती भाग्येशच्या आधी ऑफिसात पोचली. तो आला, तिचा चेहरा पाहिला आणि दार लोटून घेतलं.

"भाऊ, मोगीना जलम डिसेंबरना नही शे. तुले मालूम शे."

त्याने नाकारलं नाही. खुर्चीत बसला, टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं. "चाळीस पोरं कोठेन आनू मी? दिवाळी व्हयनी का सारा पाडा गुजरातमा निंघी जास. एकतीसच सापडनी असं सांगं असतं ते पुणावालास्नी हाई केंद्रच बंद करं असतं. तुन्ही नोकरी, मन्ही नोकरी, त्या भूपेशनी नोकरी." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "चार महिनाम्हा काय फरक पडस? लहान पोरं ती लहान पोरं."

"तोच ते फरक शे. आठ महिनाले रेघ दिसतच नही. कोनलेच नही."

हे त्याला खरंच माहीत नव्हतं. ते त्याच्या तोंडावर दिसलं. क्षणभर तो घाबरला, आणि मग ती भीती दुसरीकडे वळली.

"तुले ती नावं कशी समजनी?"

तिची नजर आतल्या खोलीतल्या प्रिंटरकडे गेली.

"पत्रं वाची लिधी तू. पाडावर बी जाई उनी. रेघ वढनारनी नावं देखाले नही पाहिजे, हाई सही करी दियेल शे ना तू? मॅडमले सांग, जरूर सांग. आधी तूच घर जाशी." तो थांबला. "आत्याले काय सांगशी तेबी ठरायी ठेव."

आत्या म्हणजे तिची आई. काजल आतल्या खोलीत गेली. दिवसभर तिने माऊसला हात लावला नाही. संध्याकाळी तिने यामिनी मॅडमना सगळं लिहून पाठवलं, पत्रं वाचली हेही, पाड्यावर गेले हेही. भाग्येशने सांगण्याआधी तेवढं तरी आपल्या हाताने लिहावं असं तिला वाटलं.

मॅडम तीन दिवसांनी शहाद्याला आल्या. काजलला वाटलं होतं त्या रागावतील, किंवा आभार मानतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. वही उघडून त्या वकिलासारख्या प्रश्न विचारत गेल्या.

"मी तुला म्हटलं होतं की या नऊ चित्रांत तुझी रेघ जुळत नाही. त्याच्यानंतर तू पाड्यावर गेलीस. बरोबर?"

"हो."

"म्हणजे मुलंच चुकीच्या वयाची निघाली, तर तुझं काम आपोआप बरोबर ठरतं."

"मॅडम, मला रेघ बरोबर ठरवायची नव्हती."

"मी फक्त विचारतेय. मला विचारायलाच हवं. म्हातारीचं बोलणं तुला समजलं की कोणी भाषांतर केलं?"

"तिच्या मुलाने केलं."

"त्याला काय हवं होतं?"

"वहिनी ऊसतोडीला जावी असं कदाचित," काजल म्हणाली. आजवर हा विचार तिच्या मनात आलाच नव्हता. आला तेव्हा खोटं बोलवेना.

मॅडमनी होळीचा फोटो मागितला. त्यातली तारीख त्यांनी मोबाईलच्या आत जाऊन तपासली. मग दारात भूपेश आला. कोणी बोलावलं नव्हतं. कुरतडलेली वही त्याने मॅडमपुढे ठेवली आणि हात मागे बांधून उभा राहिला. मॅडमनी नऊ पानं वाचली. मग त्यांनी लॅपटॉपवर एकतीस नंबरचं चित्र उघडलं आणि खूप वेळ त्याकडे पाहिलं.

"मी बावीस वर्षं हे बघतेय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "असं चित्र समोर आलं की पहिला प्रश्न वयाचा विचारायचा असतो. मी विद्यार्थ्यांना हेच शिकवते. पण मला काहीतरी नवा शोध हवा होता."

त्या दुपारी भाग्येशच्या कपाटाच्या किल्ल्या मॅडमनी घेतल्या. संस्थेने त्याला आठवड्याभरात काढलं. केंद्र मात्र बंद झालं नाही. एक वर्षाचा गट एकतीस मुलांवरच थांबवायचा आणि अहवालात तसं लिहायचं ठरलं. काजलला रेघ ओढण्याच्या कामातून काढलं. तिला नावं माहीत झाली होती, त्यामुळे तिने आखलेलं सगळं आता पुण्यात दुसऱ्या कोणीतरी नव्याने आखायचं होतं. सात महिन्यांचं काम एका ओळीच्या मेलने पुसलं गेलं. मॅडमनी तिला भूपेशबरोबर पाड्यांवर फिरायचं काम देऊ केलं. मामाच्या घरचं बोलणं बंद झालं. आई दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी जेवली आणि म्हणाली, "तुले जे दिसनं ते तू सांगं. पन भाऊ व्हता तो."

राहिली ती नऊ घरं. मॅडम म्हणाल्या, मी स्वतः जाईन. पहिली सुनिता. ती पाड्यावर भेटायला तयार नव्हती, पण खापरच्या बाजारात येईन असा तिने गोकुळकडून निरोप पाठवला.

बाजारात फार गर्दी होती. मिरची-लसणाच्या पालांमागे कडुनिंबाखाली सुनिता उभी होती, मोगी पाठीला बांधलेली. शेजारी कालीबाई आणि गोकुळ. मॅडमनी चप्पल बाजूला काढून, जमिनीवर बसूनच बोलायला सुरुवात केली. पत्र चुकीचं होतं. तुमच्या बाळाचं वय आमच्या माणसाने खोटं लिहिलं. या वयात सगळ्याच बाळांचं चित्र असं दिसतं. मशीनने काही केलं नाही. चूक आमची आहे, मी माफी मागते.

सुनिता ऐकत होती. मॅडमनी विचारलं, एप्रिलमध्ये मोगी वर्षाची होईल, तेव्हा पुन्हा एकदा बघायचं का, म्हणजे तुमची खात्री होईल. गोकुळने भाषांतर संपवायच्या आत सुनिताने मान हलवली. नाही.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तसं."

मग सुनिताने कमरेची पिशवी सोडून ते मऊ पडलेलं पत्र काढलं आणि मॅडमसमोर धरलं. गोकुळ म्हणाला, "तोंडी नको म्हणते. याच्यावरच लिहा. तुमच्या हातानं."

मॅडमनी पत्र गुडघ्यावर ठेवून त्याच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. मोगी खात्या वसावे हिचा मेंदू तिच्या वयाप्रमाणे नीट आहे. मागील मजकूर चुकीचा आहे. खाली सही, तारीख आणि मोबाईल नंबर. काजल ते वाचून दाखवायला पुढे सरकली. सुनिताने हात आडवा धरला आणि कागद गोकुळकडे दिला. त्याने वाचला. तिने पुन्हा वाचायला लावला. मग ती नंबरावर बोट ठेवून काहीतरी म्हणाली.

गोकुळ जरा ओशाळला. तरी त्याने मोबाईल काढला आणि कागदावरचे आकडे एक एक करून दाबले. सगळे थांबले. दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही, आणि मग मॅडमच्या पर्समध्ये फोन वाजू लागला.

सुनिता तो वाजताना ऐकत राहिली. मग तिने कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली, आणि सासूला बारडोलीच्या गाडीची वेळ विचारली.